मुरगळलेला घोटा, आईचे गुडघे आणि पोळ्यांचा डबा : घरच्या पाणी-उपचारांच्या नोंदी

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. पुण्यात राहतो, नोकरी खुर्चीवर बसून, वय ४४. डिसेंबरमध्ये पाय मुरगळला, त्यात आईचे गुडघे थंडीत नेहमीसारखे कुरकुरायला लागले, म्हणून गार पाणी, गरम पाणी, बर्फ, शेक हे सगळं घरच्या घरी दीड-दोन महिने केलं. मोबाईलमध्ये नोंदी ठेवत होतो त्याच जरा नीट करून इथे टाकतोय. चुका भरपूर झाल्यात, त्याही तशाच ठेवल्यात.

७ डिसेंबर २०२५, रविवार

सकाळी पर्वती. १०३ पायऱ्या चढायला काही वाटलं नाही, उतरताना शेवटच्या टप्प्यात फोनकडे बघत होतो आणि डावा पाय पायरीच्या कडेवरून आत वळला. कट्ट असा आवाज मला तरी ऐकू आला. दोन मिनिटं खालीच बसलो, मग लंगडत रिक्षापर्यंत. घरी येईस्तोवर घोट्याच्या बाहेरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा.

आईने बघितलं आणि लगेच तव्यावर खडे मीठ भाजायला घेतलं. मिठाची पुरचुंडी, चांगला कडक शेक, चाळीस मिनिटं. बरं वाटत होतं म्हणून मीच अजून दे, अजून दे म्हणत होतो. वरून आंबेहळद उगाळून गरम लेप. त्यानंतर पाय खाली सोडून दुपारभर मॅच बघितली.

संध्याकाळी लिंबाचं संत्रं झालं होतं, चप्पल चढेना, रात्री नुसता ठणका. ही पहिली चूक आणि सगळ्यात महाग पडलेली. ताज्या मारात आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात, त्यातून पाझरत असतं, आणि शेकाने त्याच वाहिन्या अजून मोकळ्या होतात. म्हणजे गळक्या नळाची चावी मी स्वतःच सोडली होती. आईचा शेक चुकीचा नव्हता, चार दिवस लवकर होता.

८ डिसेंबर, सोमवार

ऑफिसला सुट्टी. हाडाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घोट्याच्या दोन्ही टोकांना मागच्या बाजूने हाडावर दाबून बघितलं आणि चार पावलं चालून दाखवा म्हणाले. चाललो, पण हाडावर दुखत होतं म्हणून एक्स-रे. फ्रॅक्चर नाही, लिगामेंट ताणलंय. फी ५००, एक्स-रे ४५०, क्रेप बँडेज १६०. कोणी हे वाचून घरीच बादली भरायला घेणार असेल तर त्याआधी हे दोन प्रश्न स्वतःला विचारा : पायावर भार देऊन चार पावलं टाकता येतायत का आणि हाडाच्या टोकावर दाबल्यावर जीव जातोय का. पावलं टाकता येत नसतील किंवा हाडावर जीव जात असेल तर पाण्याचे प्रयोग नंतर, आधी एक्स-रे काढून घ्या.

डॉक्टरांनी सांगितलेलं सोपं होतं. दोन-तीन दिवस गार, दर दोन-तीन तासांनी पंधरा-वीस मिनिटं, बर्फ आणि कातडी यांच्यात कापड, पाय छातीपेक्षा उंच, आणि सहन होईल तसा पाय हलवत राहा, पलंगाला चिकटून बसू नका.

येताना मेडिकलमधून जेल पॅक घेतला, १८० रुपये. दुपारी फ्रीझरमधून काढला आणि थेट घोट्यावर ठेवून वर बँडेज गुंडाळलं. कापडाचं कळत होतं हो, पण मोजा घालायला पाय वाकत नव्हता आणि कंटाळा. टीव्ही लावला, डोळा लागला. पस्तीस मिनिटांनी उठलो तेव्हा ती जागा पांढरी पडलेली, स्पर्शच कळेना, मग लालबुंद होऊन चुरचुरायला लागली. दुसरी चूक. पुढचे सहा दिवस त्या दोन बोटांच्या पट्टीवर कातडीची सालं निघत होती.

ही चूक का होते ते संध्याकाळी डोक्यात आलं. साधा वितळणारा बर्फ शून्य अंशावर असतो आणि पूर्ण वितळेपर्यंत शून्यावरच राहतो. जेल पॅक गोठून दगड होत नाही, मऊ राहतो, म्हणून तो कमी गार असेल असं वाटतं, पण फ्रीझर उणे अठराचा असतो आणि पॅकही जवळपास तेवढाच होऊन बाहेर येतो. त्यामुळे त्या १८० रुपयांपेक्षा झिपच्या पिशवीत थोडा बर्फ, थोडं पाणी आणि वर ओला पंचा हे जास्त बरं. पिशवी पायाच्या आकारात बसतेही नीट.

लेक नववीत आहे, तिने विचारलं बाबा बर्फात मीठ टाकू का, पॉट आइस्क्रीमला टाकतात तसं, जास्त गार होईल. तेच नको ना. मिठाने बर्फ शून्याच्या बराच खाली जातो, मग आइस्क्रीमऐवजी माझा घोटा गोठेल.

१० डिसेंबर, बुधवार

पिशवीने फक्त एक बाजू गार होते म्हणून बादली करून बघितली. अर्धी बादली, अंदाजे आठ लिटर. फ्रीजमधले दोन्ही ट्रे रिकामे केले. पाणी गार लागत होतं पण बर्फाचं वाटावं तसं नव्हतं. (थर्मामीटर तेव्हा नव्हता, पण नंतर घेतल्यावर हाच प्रयोग परत केला : नळाचं पाणी २२, दोन ट्रे टाकून १६, पुढे आकडा हलेना.) ट्रेमध्ये मिळून जेमतेम अर्धा किलो बर्फ असतो, आठ लिटरला त्याने काय होणार.

उपाय बायकोने काढला. श्रीखंडाचे अर्धा किलोचे रिकामे डबे घरात ढिगाने आहेत, त्यात पाणी भरून रात्रभर फ्रीझरला. सकाळी डबा उलटा करून वरून जरा नळ सोडला की अख्खी वडी निघते. असे दोन टाकले की बादली बाराच्या आसपास येते. घोट्याला तेवढं पुरे, त्याहून गार करायचं काही कारण नाही. मोठी वडी हळू वितळते, हा वरचा फायदा. (पुढच्या आठवड्यात मेहुणा आला, श्रीखंड आहे वाटतं म्हणून डबा उघडला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. डब्यांवर आता चिकटपट्टी लावून लिहिलंय.)

पाय बादलीत घातल्यावर काय होतं तेही लिहितो, कारण पहिल्यांदा घाबरलो होतो. पहिलं मिनिट नुसतं गार, दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला खोलवर कळ, हाडात शिरल्यासारखी, मग चुरचुर, मग बधिर. बधिर झालं की पाय बाहेर. माझं दहा-बारा मिनिटांत व्हायचं. बोटं वर ठेवायला जमलं तर ठेवा, सगळ्यात जास्त कळ बोटांनाच येते, मी बोटांना जुना मोजा घालत होतो.

११ डिसेंबर, गुरुवार

आमच्याकडे आज पाणी बंद. काल भरून ठेवायचं विसरलो. कालच्याच बादलीत नवीन वडी टाकून भागवलं, नंतर तेच पाणी टॉयलेटला. हे दीड महिना करायचं असेल तर पाण्याचा हिशोब लागतो, रोज दोन बादल्या उगाच ओतून देणं बरं दिसत नाही. नंतर झाडांना घालायला लागलो. पुढे ज्या दिवशी बादलीत मीठ घातलं तेवढं पाणी सोडून.

१३ डिसेंबर, शनिवार

सहा दिवस झाले. ठणका गेला, सूज अर्धी उतरली, घोट्याखाली निळं-पिवळं उतरलंय. आता गरम चालेल असं डॉक्टर फोनवर म्हणाले. म्हणून गरम-गार आलटून पालटून सुरू केलं, दोन बादल्या शेजारी शेजारी.

तिसरी चूक लगेच. गरम पाणी हाताने बघितलं, ठीक वाटलं, पाय घातला आणि ओरडलो. भांडी घासून, चहाचे कप धरून हाताला सवय असते, पायाला नसते. तापाचा थर्मामीटर बुडवून बघितला तर त्याच्यावर नुसता एच आला, तो ताप मोजतो, बादली नाही. मग स्वयंपाकाचा सुईवाला थर्मामीटर मागवला, ३४९ रुपये, दोन दिवसांनी आला. या सगळ्या खर्चात एकच वस्तू घ्यायची झाली तर मी हीच घेईन. हाताला ठीक वाटतं तेवढंच पाणी परत काढून मोजलं तर ते ४६ निघालं.

१६ डिसेंबर, मंगळवार

आता जमलेली पद्धत. गरम बादली ३८ ते ४०, गार १५ च्या आसपास (श्रीखंडाची एकच वडी). गरमात तीन मिनिटं, गारात एक मिनिट, असे पाच फेरे, वीस मिनिटांत होतं. बादलीत आधी गार पाणी, मग गीझरचं, उलटं नाही. आमच्या गीझरमधून सरळ ५८-६० चं पाणी येतं, तेवढ्यात कोणी पाय घातला तर संपलं. मध्ये गरम घालायचं झालं तर पाय बाहेर काढून घालायचं. आणि एक, शेजारच्या काकांनी त्यांचा पाण्यात सोडायचा रॉड देऊ केला, बादलीतच ठेव म्हणजे गरम राहील म्हणाले. काकांना नमस्कार केला आणि रॉड परत दिला. रॉड चालू असताना त्या बादलीत बोटसुद्धा घालायचं नसतं.

आता खरी गोष्ट. गरम-गाराने सूज पिळून निघते असं सगळे सांगतात. मी शिंप्याच्या टेपने रोज मोजत होतो, घोट्याभोवती इंग्रजी आठच्या आकारात टेप फिरवून. चांगला पाय ५२ सेंटिमीटर. दुखरा आज सकाळी ५३.२. बादल्या झाल्यावर लगेच ५३.६. कमी नाही, वाढली. दुसऱ्या दिवशी परत तेच. वीस मिनिटं पाय खाली लोंबकळत ठेवल्यावर दुसरं काय होणार, आणि मी बादल्यांनंतर तसाच खुर्चीत बसून जेवत होतो.

१८ डिसेंबर, गुरुवार

दोन बदल केले. एक, पाण्यात पाय नुसता ठेवायचा नाही, हलवायचा. गरमाच्या तीन मिनिटांत अंगठ्याने पाण्यात मुळाक्षरं काढायची, अ पासून ज्ञ पर्यंत. घोटा सगळ्या बाजूंनी फिरतो. ळ ला सगळ्यात जास्त दुखतं, क्ष ला पाणी सांडतं. लेक समोर बसून शुद्धलेखन तपासते. दोन, बादल्या झाल्या की पाय पुसून पंधरा मिनिटं भिंतीला लावून वर.

मोजमाप : आधी ५२.९, पाय वर ठेवल्यानंतर ५२.७. फार नाही, पण उलटं तरी जात नाहीये. माझं प्रामाणिक मत असं झालंय की सूज उतरते ती दिवसांनी आणि हालचालीने. गरम पाण्याने घोटा सैल पडतो आणि त्यामुळे हालचाल करता येते, बादलीचं काम एवढंच.

२० डिसेंबर, शनिवार

कोणीतरी एप्सम सॉल्ट सांगितलं. म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. पाकीट १६५ रुपये. दोन दिवस केलं, छान वाटलं. मग बायकोला म्हटलं मला न सांगता कधी घाल, कधी नको घालू. सहा दिवस केलं (पुढच्या आठवड्यातलं इथेच लिहितो), रोज मी अंदाज लिहायचो आज मीठ आहे की नाही. सहापैकी तीन बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच. वर टाचेची कातडी कोरडी पडली. उरलेलं पाकीट तसंच पडून आहे, कुणाला हवं असेल तर घेऊन जा.

२१ डिसेंबर, रविवार

आता आईकडे वळलो. वय ७१, दोन्ही गुडघे झिजलेले, सकाळी उठल्यावर अर्धा तास जखडलेले असतात. माझ्या बादल्या बघून ती म्हणाली मलाही पाय टाकू दे रे, बरं वाटेल. मी बादली केली, थर्मामीटर हॉलमध्ये राहिला होता तो आणायला गेलो. येईस्तोवर तिने पाय टाकलेसुद्धा. म्हणाली, गार आहे रे, अजून घाल.

सुई बुडवली. ४४.

दोन्ही पावलं लाल झाली होती आणि तिला पाणी गार लागत होतं. आईला पंधरा वर्षांपासून साखर आहे. पायाला मुंग्या येतात असं अधूनमधून म्हणायची, आम्ही थंडी असेल म्हणून सोडून द्यायचो. पाय बाहेर काढून साध्या पाण्याने गार केले, फोड आले नाहीत, नशीब. सोमवारी तिच्या डॉक्टरांनी नायलॉनच्या धाग्यासारखं काहीतरी तळपायाला टोचून बघितलं, डोळे मिटून सांगायचं कुठे लागतंय ते. बऱ्याच ठिकाणी तिला कळलंच नाही. पावलांना गरम पाणी, शेक, बर्फ, सगळं कायमचं बंद, आणि रोज रात्री तळवे बघायचे. गुडघ्याला शेक चालेल म्हणाले, तिथली संवेदना त्यांनी तपासली, ती ठीक आहे. पण गरम किती हे तिने नाही ठरवायचं, दुसऱ्याने ठरवायचं.

घरात साखरेचं माणूस असेल तर एवढी एक नोंद वाचलीत तरी चालेल, बाकीची सोडून द्या.

२४ डिसेंबर, बुधवार

गुडघ्यासाठी आधी जुनी रबरी गरम पाण्याची पिशवी काढली. माळ्यावर चार वर्षं पडून होती. बुचाची चकती तडकलेली, ते कळलं गादी ओली झाल्यावर. पाणी उकळतं नव्हतं म्हणून वाचलो. नवीन २८० ची. दोन तृतीयांशच भरायची, आडवी धरून हवा काढायची, मग बूच. टम्म भरली की गुडघ्यावर ठरत नाही, घसरत राहते, आणि फुटायचीही भीती.

पण आईचं म्हणणं कोरड्या शेकाला मजा नाही, ओला शेक पाहिजे. तिला बरोबर आठवत होतं कारण मागे कधीतरी ती उरळी कांचनला राहून आली होती, तिथला निसर्गोपचार आश्रम, गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केलेला. तिथे गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यांचा शेक द्यायचे म्हणे.

तर ओला शेक. गरम पाण्यात नॅपकिन बुडवून पिळायचा. प्रश्न असा की हाताला पिळवेल एवढंच पाणी घेतलं तर नॅपकिन गुडघ्यावर दोन मिनिटांत कोमट होतो, आणि जास्त गरम घेतलं तर पिळता येत नाही. दोन दिवस हीच मारामारी, फरशीभर पाणी, आई म्हणतेय झालं का गार परत.

२६ डिसेंबर, शुक्रवार

सापडलं. नॅपकिन आधी साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळायचे, गुंडाळ्या करायच्या, इडलीपात्रात पाच मिनिटं वाफवायचे, चिमट्याने काढायचे आणि पोळ्यांच्या डब्यात टाकून झाकण. चार गुंडाळ्या. तो डबा आतून स्टीलचा, दुहेरी भिंतीचा, पोळ्या तीन तास गरम ठेवतो तर नॅपकिन का नाही. पाव तासाने काढलेली शेवटची गुंडाळीसुद्धा चांगली गरम होती. एक गार झाली की दुसरी, एका गुडघ्याला वीस मिनिटं आरामात जातात.

यातही एकदा फसलो. गुंडाळी बाहेरून हाताला बेताची लागते आणि आतल्या घडीत वाफ कोंडलेली असते. आता काढली की आधी उलगडून दोनदा झटकायची, मग माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला दहा सेकंद, मग गुडघ्यावर. गुडघ्यावर आधी एक कोरडा पंचा, त्यावर ती. पाच-पाच मिनिटांनी उचलून कातडी बघायची, गुलाबी चालेल, लाल ठिपके दिसले की बंद.

बायकोला हे ऑफिसमधून आल्यावर कळलं. पोळ्यांच्या डब्यात आईंच्या गुडघ्याची फडकी ठेवलीस? एवढंच म्हणाली, पण त्या दिवशी पोळ्या ताटलीत झाकून ठेवल्या होत्या. नवीन डबा ६४०. जुना आता शेकाचा.

३० डिसेंबर, मंगळवार

आईच्या पाठीवर कमरेच्या वर तपकिरी जाळीसारखे डाग दिसले, कोळ्याच्या जाळ्यासारखे. ती दर हिवाळ्यात विजेचा शेकाचा पट्टा लावून झोपते. कातडीच्या डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, रोज शेकता का? भाजण्याइतकं गरम नसलं तरी त्याच जागी महिनोन्‌महिने ऊब दिली की असे डाग पडतात, थांबवलं की बहुतेक वेळा हळूहळू फिकट होतात. आई म्हणाली माझ्या आजीच्या नडग्यांवर असेच होते, शेगडी पुढ्यात घेऊन बसायची. पट्टा कपाटात गेला. ओला शेकही आता रोज नाही, दिवसाआड, आणि घड्याळ लावून.

३ जानेवारी २०२६, शनिवार

उरळीची अजून एक आठवण आईने काढली, गार पट्टी. सुती फडकं गार पाण्यात पिळून गुडघ्याभोवती आणि वरून लोकरीचं गुंडाळायचं. आधी गार लागतं, मग अंगाच्या उष्णतेने आतून ऊब धरते, तासाभराने फडकं कोमट, जवळपास कोरडं. लोकरीची पट्टी कुठून आणायची म्हणून मफलर गुंडाळला, तो सुटला. शेवटी बाबांची जुनी माकडटोपी, तोंडाच्या भोकातून पाय घालून गुडघ्यावर चढवली. फिट्ट. आई इतकी हसली की शेक राहू दे, त्यानेच बरं वाटलं असेल.

पहिल्या दिवशी फडकं नीट पिळलं नव्हतं, ओघळ पायावर, तासभर गारच राहिलं आणि गुडघा अजून आखडला. थेंब पडणार नाही इतकं पिळलं तरच ऊब धरते. आणि थंडीच्या सकाळी नको, दुपारी.

ती आता म्हणतेय वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांना जाऊन येऊ. पावलं पाण्यात घालायची नाहीत म्हटल्यावर गप्प बसली. वाईट वाटलं.

६ जानेवारी, मंगळवार

हिशोब. डॉक्टर आणि एक्स-रे ९५०, बँडेज १६०, जेल पॅक १८०, थर्मामीटर ३४९, एप्सम सॉल्ट १६५, रबरी पिशवी २८०, पोळ्यांचा डबा ६४०. एकूण २७२४. आईच्या तपासण्या वेगळ्या. यातले जेल पॅक आणि सॉल्ट वाया. वेळ : रोज पाऊण तास, आईच्या दिवशी दीड. सुट्ट्या तीन.

१३ जानेवारी, मंगळवार

हे ठरवून केलेलं नाही. उद्या संक्रांत, रात्री आठला बायको तिळगुळाचे लाडू करत होती. चिक्कीच्या गुळाचा पाक, उलथन्यावरून एक थेंब उडाला आणि डाव्या हातावर, रुपयाएवढा. पाक वाईट, तो पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटतो आणि भाजत राहतो.

तिने झटकन ओढून काढायला हात नेला, तो धरला आणि सरळ नळाखाली. पाक पाण्याने आपोआप सुटला, ओढला असता तर कातडी आली असती. लगेच बांगड्या काढल्या, नंतर सूज आली की निघत नाहीत. एक अडकलीच, ती भांड्याच्या साबणाने काढली. लेकीने वीस मिनिटांचा टायमर लावला. वीस मिनिटं नळाखाली उभं राहणं म्हणजे काय ते करून बघा, पाचव्या मिनिटाला बरं वाटतं आणि हात काढावासा वाटतो. काढायचा नाही. साधं नळाचंच पाणी, बर्फ नाही, श्रीखंडाचे डबे हाताशी असून मोह आवरला, भाजलेल्या कातडीवर बर्फाने अजून इजा होते.

बाराव्या मिनिटाला टाकीतलं पाणी संपलं. नळ फुरफुरला आणि बंद. माझ्या घोट्याची बादली भरलेली होती, त्यातून तांब्या तांब्याने धार धरली पुढची आठ मिनिटं. हॉलमधून आई, टूथपेस्ट लाव गं, पटकन गार पडतं. बायको तिकडूनच, आई, तुम्ही लाडू वळा, पाक घट्ट होतोय.

टूथपेस्ट लावली नाही. स्वच्छ कोरडं फडकं सैलसं. दुसऱ्या दिवशी हरभऱ्याएवढा एकच फोड, फोडला नाही, आठवड्यात बसला. तळहातापेक्षा मोठं असतं किंवा चेहऱ्यावर, सांध्यावर असतं तर धुता धुताच डॉक्टरांना फोन लावला असता. लाडू मात्र गोट्या झाले, गोड बोलायच्या आधी दात सांभाळा असं सांगून वाटले.

१८ जानेवारी, रविवार

घोटा ५२.२. एका पायावर उभं राहून दात घासतो, आधी दहा सेकंद, आता चाळीस. बादल्या रोजच्या बंद, फक्त जास्त चालल्यावर गरम आणि मुळाक्षरं.

आईचं सकाळचं जखडणं अर्ध्या तासावरून पंधरा-वीस मिनिटांवर आलंय असं ती म्हणते. शेकानंतर गुडघा सैल असताना खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा मोजायचे, असे दहा वेळा, हे डॉक्टरांनी दिलेलं, ते करतेय. शेकाने की व्यायामाने की थंडी जरा कमी झाली म्हणून, मला सांगता येणार नाही. नुसता शेक दिला आणि व्यायाम टाळला त्या दिवशी दुपारपर्यंत परत तसंच, एवढं दोनदा बघितलंय.

२५ जानेवारी, रविवार

पर्वती. चढलो, फोन खिशात, उतरताना कठडा धरून. दुखलं नाही, फक्त शेवटच्या पायऱ्यांवर आतून ओढ. संध्याकाळी टेप लावला, ५२.५. बादली काढली, ३९, तीन मिनिटं. शेजारी आईची खुर्ची, डब्यातली पहिली गुंडाळी झटकून तिच्या गुडघ्यावर ठेवायला गेलो तर म्हणाली, थांब, आधी ती सुई लाव.

सुईचा सेल गेलेला. मनगटावर दहा सेकंद धरून दिली. उद्या येताना सेल आणायचाय, आणि घोटा सकाळी परत मोजतो.